परसांतील जुनी द्राक्षवेल

धुळ्याच्या एका जुन्या पेठेंत आमच्या एका स्नेह्यांचें घर आहे. त्यांच्या परसांत विहिरीच्या कठड्यालगत एक द्राक्षवेल आहे. आजोबांनीं ती स्वातंत्र्यापूर्वीं लावली, एवढें घरांत सर्वांस ठाऊक. पण जात कोणती, हें सांगणारें कोणी उरलेलें नाहीं. मनगटाएवढें खोड, लोंबणारी साल, फांद्या शेजारच्या कडुनिंबावर चढलेल्या, आणि वीस वर्षांत फळ म्हणून नाहीं. दोन वर्षांपूर्वीं घर पाडून नवी इमारत बांधण्याची बोलणीं सुरू झालीं, तेव्हां त्यांनीं मला विचारलें, "मास्तर, हिचें काय करावें?" त्या प्रश्नाच्या मागें लागून जें समजलें, तें श्रोत्यांपुढें ठेवतों.

खानदेश म्हणजे केळी आणि कापूस. येथें द्राक्षाचें काय काम, असें कोणी म्हणेल. परंतु चौदाव्या शतकांत आलेला प्रवासी इब्न बतूता यानें दौलताबादेस द्राक्षें व डाळिंबें वर्षांतून दोनदां येतात, असें नमूद केलें आहे. आणि तेथून तो पुढें आमच्या नंदुरबारासच गेला.

आतां फळ कां येत नव्हतें तें पाहूं. थंड देशांत हिंवाळ्यांत वेलीचीं पानें गळतात, ती निजते आणि वसंतांत आपोआप फुटते. आपल्याकडे ती बारमास हिरवी राहते. म्हणून तिला फुटावयास लावण्याचें काम कात्रीनें करावें लागतें. एप्रिलांतील खरड छाटणीनें नव्या काड्या येतात, व पुढील दीड-दोन महिन्यांत त्या काड्यांच्या डोळ्यांत घडाचा अंकुर धरतो. ऑक्टोबरांतील गोडी छाटणीनंतर तेच डोळे फुटून घड बाहेर पडतात. अंकुर धरण्यास डोळ्यांवर ऊन पडावें लागतें. कडुनिंबाच्या छायेंत वाढलेल्या, वर्षानुवर्षें न छाटलेल्या काडीला पालाच येणार.

एप्रिलांत मीं उत्साहाच्या भरांत एका दिवसांत सर्व पसारा उतरविला, आणि फसलों. पारा त्रेचाळीस अंशांवर. इतकीं वर्षें सावलींत असलेली साल उघडी पडली आणि पश्चिमेकडील एक हात करपून वाळला. उघड्या खोडास आधीं चुन्याचा हात द्यावा, आळ्यांत पाचटाचें आच्छादन घालावें, आणि जुनाट वेलीचा पसारा दोन-तीन हंगामांत वांटून कमी करावा, हें शहाणपण मला नंतर सुचलें. सुटी साल मात्र खरवडून जाळली हें बरें झालें; उडद्या भुंगेरे तिच्याखालीं दडतात.

जात ठाऊक नसतां गोडी छाटणी किती डोळ्यांवर करावी, ही खरी अडचण होती. भोकरीसारख्या जातीस काडीच्या बुडाकडील तीन-चार डोळ्यांत घड येतो; थॉम्पसन सीडलेसला तो बराच पुढें धरतो, व आंखूड छाटल्यास नुसता पालाच हातीं येतो. म्हणून निम्म्या काड्या आंखूड व निम्म्या लांब ठेविल्या. घड आले ते आंखूड काड्यांवरही आले. पहिली खूण मिळाली.

दुसरी खूण तणाव्यांची. युरोपीय वंशाच्या वेलीस दोन पेऱ्यांवर लागोपाठ तणावे येतात व तिसरें पेर रिकामें जातें. अमेरिकन लॅब्रुस्का वंशांत ते पेरोपेरीं येतात, आणि त्याचा अंश असलेल्या बंगळूर ब्लूचें पान खालून पांढरट लवेचें असतें. आमच्या वेलीचें तिसरें पेर रिकामें होतें, तेव्हां बंगळूर ब्लू बाद झाली. मार्चांत मणी पिकले: हिरवट पिंवळे, गोलसर, सालीला जाड, आंत बिया. अर्थात् थॉम्पसन नव्हे. तिचा महाराष्ट्रांत प्रसार झाला तोही १९६० नंतर. अनाब-ए-शाहीचा मणी लांबट व मोठा. मग बुडाशीं उकरतांना पांगाऱ्याचा कुजलेला बुंधा सांपडला. नाशिककडील जुने बागाइतदार वेल जिवंत पांगाऱ्यावर चढवीत, आणि तेथील जुनी मुख्य जात भोकरी!

तरी भोकरीच, अशी शपथ मी घेणार नाहीं. वेल बीं पेरून आली असेल तर ती आईसारखी निघेलच असें नाहीं, डॉ. चीमा यांची प्रसिद्ध चीमा साहेबी पांढरी साहेबीच्या बियांच्या रोपांतूनच निवडलेली आहे. मांजरी येथें १९९७ सालीं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र स्थापन झालें. तेथें जातींचा संग्रह आहे, आणि नमुना तज्ज्ञांस दाखविण्याचें आम्हीं ठरविलें आहे.

एक गोष्ट सुदैवाची. अलीकडील बागांतून डॉगरिजसारख्या खुंटावर कलम करतात, आणि अशा वेलीच्या बुडाचा फुटवा खुंटाचा निघतो. ही वेल त्या काळाआधींची, स्वतःच्या मुळांवरची. म्हणून तिची कोणतीही काडी तीच जात. गेल्या ऑक्टोबरांत पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, चार डोळ्यांच्या बारा काड्या, दोन डोळे मातींत ठेवून लाविल्या. सात जगल्या. एक जळगांवास स्नेह्यांच्या बहिणीकडे गेली आहे, दोन माझ्या गच्चीवर आहेत. घर दिवाळीनंतर पाडणार आहेत.