गहू बंद करण्याआधी

गव्हाच्या सुगीत शेतात खेळलेल्या माणसाला ग्लुटेन काय असतं ते नव्यानं शिकवावं लागत नाही. मूठभर कच्चे गहू तोंडात टाकायचे आणि न गिळता चावत राहायचं. पिठूळ, गोडसर रस घशाखाली उतरत जातो आणि शेवटी दातांखाली रबरासारखा चिवट गोळा उरतो. पोरं त्यालाच च्युइंगम म्हणतात. तो गोळा म्हणजे मुख्यतः ग्लुटेन. गव्हातली ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिनं पाणी लागलं की एकमेकांना धरून बसतात, त्यातून ते तयार होतं. ज्वारी कितीही चावली तरी असा गोळा होत नाही. म्हणून पोळी लाटता येते आणि भाकरी थापावी लागते. भाकरीच्या पिठात गरम पाणी घालतात तेही यासाठीच. ग्लुटेनचा आधार नाही, तेव्हा पिठातला स्टार्च थोडा उकडून त्याच्याकडून चिकटपणा मिळवायचा. पिठाची विरी गेली की तेवढाही उरत नाही आणि भाकरी तव्यावर टाकताना हातातच मोडते.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे स्वमग्न मुलांच्या घरांत वारंवार ऐकू येणारा एक सल्ला. अंबड तालुक्यातलं वडीगोद्रीच घ्या. सोलापूर–धुळे महामार्गावरचं गाव, भोवती कापूस, ऊस आणि मोसंबी. अशा गावात चार वर्षांचं लेकरू बोलत नसेल, हाक मारली तरी वळून बघत नसेल आणि शहरातल्या डॉक्टरांनी ‘स्वमग्नता’ असं निदान केलं असेल, तर पुढच्या आठ दिवसांत कुणीतरी सांगतंच, ‘त्याचा गहू आणि दूध बंद करा, फरक पडतो.’ नातेवाईक सांगतात, मोबाइलवरचे व्हिडिओ सांगतात. मग आईपुढे प्रश्न उभा राहतो. पोळी नाही, दूध नाही, बिस्कीट नाही, तर लेकराला द्यायचं काय? आणि ते इथं मिळणार कुठं?

कुठं मिळेल, याचं उत्तर सोपं आहे. बंद करावं का, हे मात्र सावकाश बघावं लागेल.

‘ग्लुटेन-फ्री’ असा शिक्का मारलेली पाकिटं शहरातल्या मोठ्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळतात, साध्या पिठाच्या कितीतरी पट महाग. त्यांच्यामागे धावायची गरज मराठवाड्याला मुळीच नाही. ज्वारी, बाजरी, मका, तांदूळ, नाचणी, राजगिरा, सगळ्या डाळी, शेंगदाणा, तीळ यांत ग्लुटेन नाही. भाकरी आणि पिठलं, ज्वारीच्या कण्या, लाह्या, थंडीतला हुरडा, बाजरीचा खिचडा हे आपले जुनेच पदार्थ आहेत. गावातल्या लहानशा किराणा दुकानातही एक कप्पा असा असतो की ज्याच्याकडे या नजरेनं कुणी बघत नाही. तो उपवासाच्या सामानाचा. भगर, साबुदाणा, शिंगाड्याचं पीठ, राजगिऱ्याचे लाडू. उपवासाला गहू चालत नाही, म्हणून हा सगळा कप्पा मुळातच गव्हावाचून आहे. भगरीचं पीठ मात्र जुनं, सुटं घेऊ नये. अख्खी भगर निवडून, धुऊन घरी दळलेली बरी, कारण खराब भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या दर सणासुदीला येतात.

अडचण धान्यात नसून गिरणीत आहे. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असेल तरच पदार्थाला ग्लुटेनमुक्त म्हणता येतं. हे प्रमाण किती? गव्हाचा एक दाणा साधारण 40 मिलिग्रॅमचा धरला, तर त्यात ग्लुटेन चार-एक मिलिग्रॅम भरतं. म्हणजे किलोभर ज्वारीत गव्हाचे पाच-सहा दाणे पडले की मर्यादा ओलांडली. आपल्या पुढचं दळण गव्हाचं असेल तर पाच-सहा दाण्यांहून किती जास्त पीठ जात्यात राहत असेल, त्याचा अंदाज कुणालाही येईल. ज्याला खरोखर ग्लुटेन चालत नाही त्याचं दळण ज्वारीवर ज्वारी असंच टाकावं, किंवा घरी छोटी चक्की घ्यावी. हिंगाच्या डबीवरचे घटकही वाचावेत, कारण बऱ्याच हिंगांत मैदा मिसळलेला असतो. बाजारातल्या धपाट्यांत आणि थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. कुरडईचं तर गमतीचं आहे. गहू भिजवून, वाटून, चीक काढताना आपल्या बायका नकळत ग्लुटेन चोथ्यात मागे ठेवतात. पण काही अंश चिकात उतरतोच, म्हणून कुरडईही चालत नाही.

दुधाचं अवघड आहे. त्यातलं टाळायचं असतं ते केसिन हे प्रथिन. गाईच्या दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे 80 टक्के केसिन असतं आणि दही लावल्यानं किंवा ताक केल्यानं ते नाहीसं होत नाही. विरजणानं कमी होते ती दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज. या दोन गोष्टींची गल्लत डॉक्टरांकडून आलेल्या माणसाचीही होते. शेळीचं दूध हलकं म्हणून सुचवलं जातं, पण केसिन त्यातही असतं आणि गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना शेळीचंही सोसत नाही. दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी, चहातलं दूध, दूध पावडर घातलेलं बिस्कीट, हे सगळं मोजावं लागतं. आणि दूध काढून घेतलं की कॅल्शियम कुठून आणायचं? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार चार ते सहा वर्षांच्या मुलाला रोज 550 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. 100 ग्रॅम दुधात ते 120च्या आसपास, 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास आणि तिळात बाराशेच्या वर असतं. सालीसकट तिळातलं सगळं अंगी लागत नाही हे खरं, तरी तिळाची चटणी, शेवग्याचा पाला आणि नाचणी रोजच्या ताटात आली तर बरीच भर पडते. शेंगदाण्याचं पातळ दूध घरी करता येतं, पण ते दुधाची जागा घेत नाही.

आता खरा प्रश्न. हे बंद केल्यानं स्वमग्नता कमी होते का?

ही कल्पना आली कुठून ते बघण्यासारखं आहे. डच बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिके सेलिॲक आजाराच्या मुलांवर उपचार करत होते. या आजारात ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर हल्ला करते, जुलाब होतात, वाढ खुंटते. गव्हावर त्यांचा संशय आधीपासून होता. 1944–45च्या हिवाळ्यात, महायुद्धाच्या उपासमारीत, नेदरलँड्समध्ये पाव मिळेनासा झाला आणि देश भुकेला असताना ही मुलं सुधारली. 1950मध्ये डिके यांनी आपला प्रबंध मांडला. पोटाचा आजार गहू सोडून आटोक्यात येतो, हे सिद्ध झालं. त्याच्या थोडं आधी, 1943मध्ये, अमेरिकेत लिओ कॅनर यांनी 11 मुलांचं वर्णन करून स्वमग्नतेची ओळख वैद्यकाला करून दिली होती. पुढे 1979मध्ये याक पांकसेप यांनी तर्क मांडला की या मुलांच्या मेंदूत अफूसारख्या रसायनांचा अतिरेक असावा. त्याला जोडून नॉर्वेतल्या कार्ल रायकेल्ट यांनी अशी मांडणी केली की गहू आणि दूध अर्धवट पचून तसेच तुकडे तयार होतात, गळक्या आतड्यातून रक्तात जातात आणि मेंदूला गुंगवतात.

तर्क ऐकायला पटतो. केसिनपासून असे तुकडे प्रयोगशाळेत मिळतातही. पण लंडनच्या संशोधकांनी 2008मध्ये स्वमग्न मुलांची लघवी नीट तपासली तेव्हा त्यांना ते सापडले नाहीत. आहाराच्या चाचण्या लहान लहान झाल्या. नॉर्वेत 2002मध्ये 20 मुलांवर झालेल्या एका चाचणीत सुधारणा दिसली, मात्र कुठल्या मुलाला कुठला आहार आहे हे पालकांना ठाऊक होतं. अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठात सुझन हायमन यांनी जास्त कडक पद्धत वापरली. 14 मुलांना आधी गहू आणि दुधाशिवायच्या आहारावर स्थिर केलं. मग दर आठवड्याला एक खाऊ दिला, कधी त्यात ग्लुटेन, कधी केसिन, कधी दोन्ही, कधी काहीच नाही. कशात काय आहे ते ना पालकांना माहीत, ना निरीक्षकांना. 2016मध्ये निकाल छापून आला. वागणं, झोप, पोट, कशातच फरक नव्हता. 14 मुलं म्हणजे फार नाहीत, हे मान्य. तरी चाचणी जितकी काटेकोर, तितका फायदा कमी दिसतो, असं आजवरचं चित्र आहे, आणि सगळ्याच स्वमग्न मुलांना हा आहार द्यावा असं म्हणायला पुरावा नाही.

मग ज्या आया सांगतात ‘आमच्यात फरक पडला’, त्या खोटं बोलतात का? अजिबात नाही. मूल वाढत असतं, थेरपी सुरू असते, आई पहिल्यापेक्षा बारकाईनं बघत असते. शिवाय काही मुलांना खरोखरच पोटाचा त्रास असतो. दिवसभर दुधावर असलेल्या मुलाला बद्धकोष्ठ होतो, त्याला दूध कमी केल्यावर आराम पडू शकतो. जे लेकरू ‘पोट दुखतंय’ असं सांगू शकत नाही ते ओरडतं, डोकं आपटतं, रात्र जागून काढतं. त्याचं पोट बरं झालं की वागणं निवळणारच. ही सुधारणा खरी आहे, फक्त ती स्वमग्नता बरी झाल्याची नाही.

आणि बंदीला किंमत असते. स्वमग्न मुलांत खाण्याच्या अडचणी इतर मुलांपेक्षा सुमारे पाचपट जास्त आढळतात, असं 2013मधल्या एका एकत्रित विश्लेषणात दिसलं. अशी कितीतरी मुलं मोजके चार पदार्थ खातात. ठरावीक रंगाचं, ठरावीक कुरकुरीतपणाचं, ठरावीक ताटलीतलं. त्या चारांतली दूध-पोळी आणि बिस्कीट एका दिवसात काढून घेतलं तर मूल ज्वारीकडे वळेल असं नाही. ते उपाशी राहील. स्वमग्न मुलग्यांच्या हाडांची जाडी कमी असल्याचं अमेरिकेत 2008मध्ये एक्स-रेवरून मोजलं गेलं, आणि जे दुधाविना होते त्यांच्यात ही उणीव जास्त होती.

भाकरी लेकराच्या ताटात यावी असं मलाही वाटतं, पण औषध म्हणून नव्हे. रेशनवर वर्षानुवर्षं मुख्यतः गहू आणि तांदूळ मिळत आले आणि ज्वारीच्या मुलखातली मुलं पोळीवर वाढू लागली. ती परत वळवायची तर हळूहळू. कुरकुरीत आवडणाऱ्या मुलाला आधी भाकरीचा नुसता पापुद्रा द्यावा, किंवा ज्वारीच्या लाह्या. खरखरीत जिभेला नको असेल त्याला गरम भाकरी वरणात मऊ कुस्करून द्यावी. ताटली जुनीच, जागा जुनीच, नवा घास एकच. आज त्यानं फक्त हात लावला, वास घेतला, तरी ती प्रगती आहे.

एक गोष्ट मात्र विसरू नये. गहू बंद करायचाच असेल, तर त्याआधी सेलिॲकची रक्ततपासणी करून घ्या. ‘टीटीजी-आयजीए’ असं तिचं नाव. ती मूल गहू खात असतानाच करावी लागते. काही महिने गहू बंद ठेवून मग तपासलं तर रक्तातल्या खुणा पुसल्या जातात आणि आजार असूनही अहवाल चांगला येतो. मग पुन्हा काही आठवडे गहू खाऊ घालून तपासावं लागतं, आणि ज्याचं पोट नुकतंच शांत झालं त्या लेकराला ते फार जड जातं. देशातल्या एका मोठ्या पाहणीत (2016) सेलिॲकच्या रक्तातल्या खुणा उत्तर भारतात 1.23 टक्के आणि दक्षिणेत 0.10 टक्के लोकांत आढळल्या; प्रत्यक्ष आजार त्याहून कमी जणांत होता. त्यामुळे वडीगोद्रीतल्या बहुतेक मुलांना हा आजार नसेल. पण ज्याला असेल त्याचा गहू जन्मभर काटेकोरपणे बंद हवा, अगदी गिरणीतल्या पिठासकट. ज्याला नसेल त्याच्या आईवर तो भार कशाला?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक नियमानुसार अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. लेकरू काय खातं, शौचाला कसं होतं, वजन वाढतं का, हे त्यांना विचारू द्या आणि न विचारलं तर तुम्हीच सांगा. हिमोग्लोबिन आणि सेलिॲकची तपासणी लिहून मागा. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ विम्यात सगळे उपचार मिळून वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतची तरतूद आहे, आणि त्यातला काही भाग थेरपीसाठी असतो. महागड्या पाकिटांवर जाणारा पैसा थेरपीकडे वळवा, आणि रक्ततपासणीचा अहवाल हातात येईपर्यंत लेकराच्या ताटातली पोळी राहू द्या.