गॅस उलटा वाहतो तेव्हा

पश्चिम फ्रान्समधल्या एखाद्या गावातली ऑगस्टची रात्र गॅसच्या हिशेबाने पाहू. घरे उबदार ठेवणारे बॉयलर केव्हाच बंद झालेले असतात. निम्मे गाव सुट्टीवर गेलेले असते. एखादी बेकरी चालू असेल तर तिचा थोडा वापर, कुणाच्या घरी आंघोळीचे पाणी तापत असेल तर तेवढा. जानेवारीतल्या गोठवणाऱ्या सकाळी जेवढा गॅस खपतो, त्याच्या तुलनेत हा वापर नगण्य. पण गावाच्या शिवेवर, मक्याच्या शेताला लागून असलेल्या बायोगॅस टाकीच्या घुमटाखाली जिवाणूंचे काम त्याच वेगाने चालू असते. शेण, चारा-पिकांचे अवशेष, भाजीपाल्याचा टाकाऊ भाग त्यांना रोजच्या रोज घातला जातो आणि आतले तापमान ४० अंशांच्या आसपास राखलेले असते. ऋतू बाहेर बदलतो, टाकीत बदलत नाही. तासाला समजा २०० घनमीटर मिथेन तयार होत राहतो आणि तो घ्यायला गावच्या वाहिनीत जागा नसते.

बायोगॅसवर आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते ते बहुतेक टाकीपाशीच थांबते. किती शेणातून किती गॅस, खत किती, परतफेड किती वर्षांत, एवढेच. तयार झालेला गॅस सार्वजनिक वाहिनीत जातो कसा आणि वाहिनी अपुरी पडली तर ती वाढवायचा खर्च कुणाच्या माथी, हा प्रश्न मागे राहतो. माझ्या मते या इंधनाचे भवितव्य याच प्रश्नावर ठरणार आहे. फ्रान्सने त्याचे उत्तर एका साध्या भागाकारात बसवले आहे.

टाकीतून निघणाऱ्या कच्च्या वायूत मिथेन ५० ते ६५ टक्के असतो. बाकी बराचसा कार्बन डायऑक्साइड, शिवाय वाफ आणि सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड. वाहिनीत जायचे तर हे सगळे काढून मिथेनचे प्रमाण ९७ टक्क्यांच्या आसपास न्यावे लागते. पातळ पडद्यांमधून गाळून किंवा पाण्याने, रसायनांनी धुऊन हे करता येते. एवढे झाले की त्याला बायोमिथेन म्हणायचे. जमिनीखालून आलेला नैसर्गिक वायू आणि हा वायू यांत शेगडीला काहीही फरक जाणवत नाही.

शेताच्या कडेला एक छोटी केबिन असते. उत्पादकाची हद्द तिथे संपते आणि गॅस कंपनीची सुरू होते. आत एक विश्लेषक यंत्र दर काही मिनिटांनी वायूचा नमुना घेते आणि त्यातला कार्बन डायऑक्साइड, ऑक्सिजन, गंधक आणि उष्मांक मोजते. नमुना निकषात बसला नाही तर झडप आपोआप बंद होते आणि गॅस मागे संयंत्राकडे वळतो. बसला, तर त्यात गळती ओळखता यावी म्हणून उग्र वासाचे द्रव्य मिसळले जाते, दाब जुळवला जातो, मीटरवर नोंद होते आणि गॅस वाहिनीत शिरतो.

आता दाबाकडे वळू. दूरवर गॅस नेणाऱ्या पोलादी महावाहिन्यांत दाब ४० ते ८० बार असतो. गावात फिरणाऱ्या वितरण वाहिनीत तो ४ बारच्या आसपास येतो आणि शेगडीपाशी जेमतेम २१ मिलिबार उरतो. दोन पातळ्यांच्या मध्ये दाब उतरवणारी स्थानके असतात. शंभर वर्षे ही रचना एकाच दिशेने बांधत आणली गेली, वरून खाली. गावातला बायोमिथेन उत्पादक आपला दाब गावच्या स्थानकापेक्षा किंचित वर ठेवतो. त्यामुळे वाहिनीत आधी त्याचा गॅस खपतो आणि कमी पडला तरच वरचे स्थानक उघडते. हिवाळ्यात हे सुरळीत चालते. ऑगस्टच्या रात्री मात्र वाहिनीतला दाब वाढत वाढत मर्यादेला भिडतो, केबिनमधली झडप मिटते आणि उत्पादकापुढे दोनच वाटा उरतात. घुमटात मावेल तेवढा गॅस साठवायचा आणि उरलेला मशालीवर जाळून टाकायचा.

यावर तांत्रिक उत्तरे आहेत. शेजारच्या दोन गावांच्या वाहिन्या जोडल्या तर दोन्हीकडचा वापर एकत्र होतो. तेवढ्याने भागले नाही तर गॅस उलटा न्यायचा. गावच्या वाहिनीतून तो खेचायचा, कॉम्प्रेसरने त्याचा दाब पंधरा-एक पट वाढवायचा आणि महावाहिनीत ढकलायचा. उपसा सिंचन योजनेत पाणी खालून वर चढवतात, तसेच हे. एकदा तो वर गेला की दुसऱ्या शहरात खपतो किंवा भूगर्भातल्या साठ्यांत हिवाळ्यासाठी राहतो. फ्रान्समध्ये अशा केंद्राला ‘रबूर’ म्हणतात. तिथल्या पहिल्या दोन रबूर पश्चिमेकडेच, व्हाँदे जिल्ह्यातल्या पूझोज आणि ब्रिटनी प्रांतातल्या न्वायाल-पोंतिव्ही या गावांजवळ, २०१९ च्या सुमारास उभ्या राहिल्या. फ्रान्सला एक सोय आयतीच मिळालेली आहे. तिथे वासाचे द्रव्य महावाहिनीतच मिसळलेले असते, त्यामुळे खालून वर गेलेल्या वासाच्या गॅसने काही बिघडत नाही. जर्मनीत महावाहिनीतला गॅस बिनवासाचा असतो. तिथे तो वर चढवण्याआधी वास काढून टाकावा लागतो, म्हणजे आणखी एक यंत्र आणि आणखी खर्च.

खरी अडचण खर्चाची आहे. रबूर ही लाखो युरोंची गोष्ट. समजा एका केंद्राला २८ लाख २० हजार युरो लागतात. गावातला एक शेतकरी-गट तासाला २०० घनमीटरचे संयंत्र उभारू पाहतो. ‘रबूरचे पैसे तुम्हीच भरा’ असे त्याला सांगितले तर त्याचा प्रकल्प तिथेच संपतो. शेजारच्या दोन गावांतही असे दोन गट तयार आहेत. तिघे मिळून खर्च परवडेल, पण पहिल्याने अर्ज केला की सगळा भार त्याच्यावर आणि नंतर येणाऱ्यांना वाट मोकळी. मग तिघेही शहाणपणाने एकमेकांची वाट पाहत बसतात. उलट टोकही तितकेच वाईट. कुणीही कुठेही संयंत्र टाकावे आणि गॅस कंपनीने ग्राहकांच्या पैशाने वाटेल तेवढी वाहिनी न्यावी, असे ठरले तर डोंगरातल्या एका गोठ्यासाठी वीस किलोमीटरची वाहिनी खणली जाईल आणि तिचे पैसे शहरातली कुटुंबे बिलातून भरत राहतील.

३० ऑक्टोबर २०१८ रोजी फ्रान्सने ‘एगालिम’ कायदा केला. कायदा मुळात शेतमालाला रास्त भाव मिळावा यासाठीचा. त्यातच एक कलम आले, बायोमिथेन वाहिनीत सोडण्याच्या हक्काचे. वाहिनी जवळ असेल तर ती सक्षम करण्याची जबाबदारी वाहिनीचालकाची, असा त्याचा गाभा. मात्र या हक्काला आर्थिक मर्यादा आहे आणि ती २०१९ च्या नियमांनी आकड्यात बांधली. वाहिनी वाढवायचा एकूण खर्च वर आणि त्यामुळे वाहिनीत येऊ शकणारा गॅस, ताशी घनमीटरमध्ये, खाली. भागाकार ४,७०० युरोंच्या आत आला तर काम करायचे, खर्च सगळ्या गॅसग्राहकांच्या वहनदरात विभागायचा. वर गेला तर नाही. तरीही कुणाला हवेच असेल तर वरचा फरक उत्पादकांनी किंवा स्थानिक संस्थांनी भरावा.

आपल्या उदाहरणात २८ लाख २० हजारांना २०० ने भागले तर १४,१०० येतात. प्रकल्प बाद. ६०० ने भागले तर बरोबर ४,७००. प्रकल्प मंजूर. हा फरक फक्त भाजकाचा आहे, म्हणून भाजकात काय धरायचे यावरच सारे अवलंबून आहे. नियमांनी इथे खरी हुशारी दाखवली. फक्त आजचा अर्जदार मोजायचा नाही. त्या परिसरातले सगळे नोंदणीकृत प्रकल्प मोजायचे, पण प्रत्येकाला त्याच्या प्रगतीनुसार वजन द्यायचे. बांधकाम सुरू झालेल्याला जास्त, नुसता कागदावर असलेल्याला कमी. त्या भागातल्या शेणाची आणि पीक-अवशेषांची क्षमताही हिशेबात येते. मग वाहिनीचालक आपल्या क्षेत्राचे नकाशे तयार करतात. कुठल्या गावांना कुठल्या वाहिनीला जोडायचे, रबूर कुठे बसवायची, याची आखणी होते. ती जाहीर चर्चेला ठेवली जाते आणि शेवटी ऊर्जा नियामक आयोग तिच्यावर शिक्का मारतो. अर्ज करायच्या आधीच शेतकऱ्याला कळते की आपला गॅस कुठल्या वाटेने जाईल. तिघांचे एकमेकांची वाट पाहणे त्यामुळे संपते.

उत्पादकाला सगळे फुकट मिळते असे मात्र नाही. संयंत्रापासून वाहिनीपर्यंतच्या खास जोडणीचा खर्च त्याचाच. त्यातला काही भाग वहनदरातून सोसला जातो, आधी ४० टक्के होता, पुढे ६० टक्के झाला, आणि त्यालाही कमाल रक्कम ठरलेली आहे. शिवाय २०२० पासून एक छोटी आकारणी आली. सुरुवातीच्या दरांनुसार, ज्या परिसरात रबूर लागते तिथल्या उत्पादकाने दर मेगावॉट-तासाला ०.७ युरो द्यायचे, जिथे दोन वाहिन्या जोडून भागते तिथे ०.४, आणि जिथे काहीच करावे लागत नाही तिथे शून्य. रक्कम किरकोळ आहे, तिने रबूरचा खर्च भरून निघत नाही. पण जागा निवडताना उत्पादकाच्या कानावर एक गोष्ट पडते: तुझ्यामुळे इतरांना काही सोसावे लागते आहे.

फ्रान्समध्ये बायोमिथेन पहिल्यांदा वाहिनीत शिरला तो २०११ मध्ये, लील शहराजवळ. २०१८ च्या अखेरीस अशी ७६ ठिकाणे होती. २०२४ च्या अखेरीस ती ७३१ झाली. त्यांची वार्षिक क्षमता १३.९ टेरावॉट-तास, म्हणजे १,३९० कोटी युनिट. याचे सगळे श्रेय वाहिनीच्या नियमांना देता येणार नाही. १५ वर्षांच्या हमीदराचा त्यात मोठा वाटा आहे. पण हमीदर खिशात असूनही गॅस सोडायला वाट नसती तर संयंत्रे उन्हाळाभर मशाली पेटवून बसली असती.

जर्मनीने हाच प्रश्न जास्त सरळ पद्धतीने हाताळला. २०२५ च्या अखेरीपर्यंत तिथला नियम असा होता: जोडणीच्या खर्चाचे ७५ टक्के वाहिनीचालकाने आणि २५ टक्के उत्पादकाने द्यायचे, आणि जोडणी एक किलोमीटरच्या आत असेल तर उत्पादकाचा वाटा अडीच लाख युरोंच्या वर न्यायचा नाही. वाहिनीचालकाचा भाग देशभरच्या ग्राहकांत पसरायचा. नियम समजायला सोपा, पण खर्च आणि मिळणारा गॅस यांचे नाते त्यात दिसत नव्हते. म्हणून मला फ्रेंच भागाकार अधिक न्याय्य वाटतो.

या व्यवस्थेवरचा सर्वांत गंभीर आक्षेप भविष्यातला आहे. युरोपात घरे विजेच्या उष्मा-पंपांकडे वळत आहेत, गॅसचे ग्राहक घटत जाणार आहेत. वाहिनीचा खर्च मग उरलेल्या ग्राहकांवर पडेल आणि मागे उरणाऱ्यांत नवा पंप न परवडणारी, भाड्याच्या घरातली कुटुंबे जास्त असतील. हा आक्षेप टाळता येणारा नाही. ४,७०० हा आकडा दगडावरची रेघ मानला तर हळूहळू अन्याय होईल. ग्राहकसंख्या घटेल तशी ती मर्यादाही पुन्हा तपासावीच लागेल.

फ्रान्समध्ये एगालिम झाला त्याच महिन्यात, १ ऑक्टोबर २०१८ रोजी, भारताने ‘सतत’ योजना सुरू केली होती. ५,००० संयंत्रे आणि वर्षाला दीड कोटी टन बायोगॅस हे तिचे उद्दिष्ट. तेल कंपन्यांनी तो विकत घ्यायचा, ही तिची हमी. ठरलेल्या मुदतीत त्याचा छोटासा अंशच साधला. आपण खरेदीची हमी दिली, वाटेची नाही. गॅस दाबून सिलिंडरांच्या कॅस्केडमध्ये भरायचा, ट्रकवर चढवायचा आणि सीएनजी पंपावर पोचवायचा, हीच रूढ वाट राहिली. अंतर वाढले की डिझेलचा आणि भाड्याचा खर्च नफा खातो. २०२३ पासून दोन बदल झाले. शहर गॅस कंपन्यांना वाढत्या प्रमाणात बायोगॅस मिसळणे बंधनकारक ठरले: २०२५-२६ मध्ये १ टक्का, २०२८-२९ पासून ५ टक्के. आणि संयंत्रे शहराच्या गॅसजाळ्याला जोडणाऱ्या वाहिन्यांसाठी केंद्राने ९९४.५० कोटी रुपयांची योजना आणली.

महाराष्ट्रात मात्र फ्रान्सचे गणित उलटे होते. आपल्याला घरे तापवावी लागत नाहीत. रिक्षा, बस आणि टॅक्सी यांचा सीएनजी बाराही महिने खपतो, त्यामुळे ऑगस्टच्या रात्रीची अडचण इथे तेवढी मोठी नाही. इथे हंगामी आहे तो कच्चा माल. शंभर टन उसामागे तीन ते चार टन प्रेसमड, म्हणजे रस गाळून उरणारा गाळ, निघतो, पण तो गाळप हंगामातल्या पाच-सहा महिन्यांतच. उघड्यावर ढीग घालून ठेवला तर तो तापतो, कुजतो आणि त्यातला मिथेन टाकीत येण्याआधीच हवेत निघून जातो. तोही कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट तापवणारा वायू. म्हणजे फ्रान्सला रबूर जिथे लागते, तिथे आपल्याला झाकलेली साठवण आणि पावसाळ्यात चालू राहील असे दुसरे खाद्य, शेण किंवा नेपियर गवत, लागते. वाहिनीचा खर्च तासाच्या गॅसने भागताना हंगामातला आकडा धरायचा की वर्षाची सरासरी, यावर उत्तर दुपटीने बदलू शकते.

कोल्हापूर, सांगली, साताऱ्यात साखर कारखाने एकमेकांपासून फार दूर नाहीत. एकेकट्या कारखान्याने शहरापर्यंत वाहिनी नेणे महाग पडेल, चार-पाच मिळून एकच सामाईक वाहिनी मात्र जमू शकेल. त्यासाठी आधी नकाशा हवा आणि तो गॅस कंपनीनेच जाहीर करायला हवा. त्यावर प्रत्येक कारखान्याच्या नावापुढे दोन रकाने असावेत, तासाला किती गॅस आणि तो कोणत्या महिन्यांत. तेवढे भरले की मर्यादेचा आकडा ठरवायला नियामकाला फार वेळ लागू नये.