तैलग्रंथी कर्करोग, पापणीचा
पापणीतील तैलग्रंथींमध्ये उद्‌भवणारे एक दुर्मिळ मारक अर्बुद (कोशिकांच्या अनिर्बंध वाढीमुळे होणारी गाठ). पापणीच्या आतील घट्ट पट्टिकेत असलेल्या या ग्रंथींना हाइन्रिख माइबोम (1638–1700) या जर्मन वैद्यांच्या नावावरून माइबोमीय ग्रंथी म्हणतात. वरच्या पापणीत त्यांची संख्या अधिक असल्याने रोगही तेथेच जास्त आढळतो. तो बहुधा पन्नाशीनंतर होतो. पाश्चात्त्य देशांत पापणीच्या मारक अर्बुदांमध्ये त्याचे प्रमाण सु. 1 ते 5% असते. भारतातील अनेक रुग्णालयीन पाहण्यांत मात्र ते एकतृतीयांशाच्या आसपास किंवा त्याहून अधिक भरते.

लक्षणे : प्रारंभी पापणीत कठीण, वेदनारहित, पिवळसर गाठ येते. ग्रंथी तुंबून होणाऱ्या साध्या गाठीसारखीच ती दिसते. काहींमध्ये गाठ न दिसता एकाच डोळ्याचा चिवट शोथ (दाहयुक्त सूज) दिसतो. गाठीजवळचे पापणीचे केस झडणे हे महत्त्वाचे चिन्ह होय.

जीवितावर परिणाम करणारे घटक : निदानास लागलेला विलंब हा सर्वांत निर्णायक आणि टाळता येण्याजोगा घटक आहे. लक्षणे सहा महिन्यांहून अधिक काळ असणे, गाठीचा व्यास 10 मिमी.पेक्षा जास्त असणे, दोन्ही पापण्या ग्रस्त होणे, एकाच वेळी अनेक ठिकाणी रोग उद्‌भवणे आणि तो नेत्रकोटरात किंवा लसीका वाहिन्यांत शिरणे, ही प्रतिकूल लक्षणे मानतात. सूक्ष्मदर्शकाखाली कोशिकांचे मूळ ग्रंथीशी साम्य जितके कमी, तितका रोग अधिक आक्रमक असतो. रोग प्रथम कानापुढील, जबड्याखालील व मानेतील लसीका ग्रंथींत पसरतो. पुढे यकृत, फुप्फुसे इ. अवयव ग्रस्त होतात.

निदान व उपचार : जीवोतक परीक्षेशिवाय (ऊतकाचा तुकडा काढून केलेल्या तपासणीशिवाय) निश्चित निदान होत नाही. गाठ निरोगी कडांसह पूर्णपणे काढणे हा मुख्य उपचार होय. त्या वेळी कडांची सूक्ष्मदर्शकीय तपासणी केल्यास रोग मागे राहण्याचा धोका कमी होतो. नेत्रकोटर ग्रस्त झाल्यास डोळ्यासह त्यातील सर्व ऊतके काढावी लागतात. आवश्यकतेनुसार किरणोपचार व रासायनिक औषधे देतात.

मुंबईत परळ येथील टाटा स्मारक रुग्णालयात (स्थापना 1941) कर्करोगावरील विशेष उपचारांची सोय आहे. तथापि मिरा-भाईंदरसारख्या लगतच्या शहरांतील रुग्ण सामान्यतः प्रथम जवळच्या नेत्रवैद्याकडे जातो आणि रोगाचे भवितव्य पुष्कळदा तेथेच ठरते. काढलेली गाठ त्याच जागी पुन्हा उद्‌भवल्यास, विशेषतः प्रौढ व वृद्ध व्यक्तींमध्ये, ती पुन्हा केवळ खरवडून टाकून न देता तिची ऊतक तपासणी करणे अत्यावश्यक ठरते.