केसपेपरचे पैसे कोणी ठरवले?

सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर केसपेपरसाठी जे पाच-दहा रुपये वर्षानुवर्षे मोजावे लागले, त्यांकडे आपल्या चळवळीने फारसे लक्ष दिले नाही. मोर्चे निघाले ते गायरानासाठी, शिष्यवृत्तीसाठी, अत्याचारांविरुद्ध. ते निघायलाच हवे होते. केसपेपरची रक्कम मात्र किरकोळ वाटली. पण या किरकोळ रकमेला एक इतिहास आहे आणि तो आपल्या तालुक्यात घडलेला नाही. जागतिकीकरण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे परदेशी माल आणि बंद पडलेल्या गिरण्या येतात. ते दवाखान्याच्या खिडकीतूनही आले, हे समजून घेणे आवश्यक आहे.

सप्टेंबर 1978 मध्ये सोव्हिएत संघातील अल्मा-आटा येथे 134 देशांचे प्रतिनिधी जमले आणि सन 2000 पर्यंत सर्वांना आरोग्य देण्याचा जाहीरनामा त्यांनी स्वीकारला. भारताने 1983 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात हे उद्दिष्ट आपले मानले. त्याआधी 1946 मध्ये भोर समितीनेही पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये असे म्हटले होते. म्हणजे दवाखाना ही सरकारची जबाबदारी, हा विचार आपल्याकडे जुना होता.

तो बदलला कर्जामुळे. 1970 च्या दशकात पाश्चात्त्य बँकांनी आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील देशांना भरमसाट कर्जे दिली. पुढे अमेरिकेतील व्याजदर कडाडले आणि ऑगस्ट 1982 मध्ये मेक्सिकोने हप्ते फेडता येत नाहीत असे सांगून टाकले. मग एकामागून एक देश नाणेनिधी आणि जागतिक बँकेच्या दारात गेले. नवे कर्ज मिळाले ते अटींसह: चलनाचे अवमूल्यन करा, सरकारी खर्च कापा. खर्च कापायचा म्हणजे कोठे? सैन्यावर हात टाकणे कोणत्याही सत्तेला जड जाते. शाळा आणि दवाखाना यांना कोणी वाली नसतो.

या कपातीला सिद्धांताचा आधार देणारा अहवाल जागतिक बँकेने 1987 मध्ये काढला. त्यात मुख्यतः चार गोष्टी सुचवल्या होत्या: रुग्णांकडून शुल्क घ्या, विमा आणा, खासगी व बिगरसरकारी क्षेत्राला वाव द्या, कारभाराचे विकेंद्रीकरण करा. शुल्काचे समर्थन असे की फुकटच्या सेवेचा गैरवापर होतो, पैसे आले की सेवा सुधारते आणि खऱ्या गरिबांना सूट देता येते. फुकट मिळाले की किंमत राहत नाही, हे वाक्य आपल्याला परके नाही. शिष्यवृत्ती घेणाऱ्या मुलांविषयी ते मी प्राध्यापकांच्या खोलीत कितीदा तरी ऐकले आहे. याउलट 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात गिरणीकामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असून त्याचा भार सरकारने उचलला पाहिजे, अशी भूमिका मांडली होती. त्यांच्या दृष्टीने हा उपकाराचा विषय नव्हता.

शुल्काचा प्रयोग आधी आफ्रिकेत झाला. घानात 1985 पासून आधी रोख आणि मग उपचार अशी पद्धत रूढ झाली. केनियात 1989 च्या अखेरीस शुल्क आले. नैरोबीतील गुप्तरोगांच्या एका सरकारी दवाखान्याची नोंद प्रसिद्ध झाली आहे: शुल्काच्या काळात पुरुष रुग्णांची हजेरी पूर्वीच्या 40 टक्क्यांवर आली, स्त्रियांची 65 टक्क्यांवर. एड्स पसरत होता त्याच काळात ही माणसे दवाखान्यातून परत गेली. पुढे पश्चिम केनियात गरोदर स्त्रियांना मच्छरदाण्या देण्याचा प्रयोग झाला. मच्छरदाणी फुकट न देता तिची किंमत अमेरिकी 60 सेंट ठेवली, तेव्हा ती घेणाऱ्यांचे प्रमाण 60 टक्केबिंदूंनी घटले. हे निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाले.

एवढ्याशा रकमेने असे का व्हावे? कारण ती रक्कम एकटी नसते. बुडालेली मजुरी, एसटीचे भाडे, सोबत येणाऱ्याचा खाडा यांच्यावर ती चढते. शिवाय बाईच्या हातात रोख पैसा नसतो. तो मागावा लागतो, आणि मागायचा म्हणजे दुखणे आधी घरात पटवून द्यावे लागते.

भारतात 1991 नंतर हाच विचार आला. महाराष्ट्रातील जिल्हा व ग्रामीण रुग्णालयांच्या विकासासाठी जागतिक बँकेचे कर्ज 1998 मध्ये मंजूर झाले. इमारती झाल्या, यंत्रे आली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण अशा प्रकल्पांबरोबर शुल्कवसुलीची चौकटही पक्की झाली. दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना सूट होती. त्यासाठी पिवळे रेशनकार्ड दाखवायचे. आता हे कार्ड कोणाकडे असते? गावात ज्याची तलाठ्याकडे ऊठबस आहे त्याच्याकडे. ऊसतोडीला गेलेल्याचे कार्ड गावी पेटीत, झोपडपट्टीत राहणाऱ्याचे निघालेलेच नाही. गरिबी सिद्ध करायला तहसिलीत ज्या खेपा घालाव्या लागतात, त्यांत बुडणारी मजुरी केसपेपरच्या कैक पट असते. शुल्क माफ करण्याचा अधिकार कारकुनाच्या हाती गेला की नाव, आडनाव आणि वस्ती यांचा हिशेब सुरू होतो, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

याच विचाराची दुसरी बाजू दवाखान्याच्या आत दिसते. सफाई, धुलाई, स्वयंपाक ही कामे कंत्राटाने बाहेर द्यावीत, असा आग्रह आला. ही कामे पिढ्यानपिढ्या कोणत्या जाती करत आल्या? झाडू जुन्याच हातात राहिला; गेली ती कायम नोकरी, निवृत्तिवेतन आणि मुलाच्या शिक्षणाची निश्चिती. माझ्या वर्गातल्या पहिल्या पिढीच्या कितीतरी विद्यार्थ्यांना अशाच एखाद्या चतुर्थ श्रेणीच्या पगाराने कॉलेजपर्यंत आणले आहे.

पुढे मूळ सिद्धांतच मागे घेतला गेला. युगांडाने 2001 मध्ये सरकारी दवाखान्यांतील शुल्क रद्द केले, झांबियाने 2006 मध्ये ग्रामीण भागात. 2013 मध्ये खुद्द जागतिक बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष जिम याँग किम यांनी जिनिव्हात सांगितले की गरिबांकडून घेतलेली छोटी रक्कमही त्यांना उपचारापासून दूर ठेवते, आणि हे अन्यायकारक व अनावश्यक आहे. मधल्या काळात जे परत गेले त्यांची भरपाई मात्र कोणत्याही कर्जकरारात नव्हती. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार 15 ऑगस्ट 2023 पासून निःशुल्क झाले. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आणि महापालिकांचे दवाखाने या विभागाखाली येत नाहीत.

खिडकी बंद झाली तरी चिठ्ठी राहिली. औषध शिल्लक नाही, बाहेरून आणा, असे लिहून दिले की फुकट उपचार मेडिकलच्या दुकानात संपतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार 2021-22 मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी 39.4 टक्के खर्च लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून केला.

1987 च्या अहवालातील दुसरी सूचना विम्याची होती. तिचाही प्रवास आपल्यापर्यंत झाला आहे. राज्यातील जीवनदायी योजना 2012 मध्ये सुरू झाली आणि 2017 मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळी ती अनेक घरांना वाचवते, हे मान्य केले पाहिजे. पण ती मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी आहे. मधुमेहाची रोजची गोळी, बाळाचा ताप, रक्तदाब यांना तिच्यात जागा नाही. आणि तिचा पैसा खासगी रुग्णालयांकडेही जातो, तर प्राथमिक केंद्रातील डॉक्टरची खुर्ची रिकामी राहते.

आपल्या कार्यकर्त्यांनी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज टाकावा. गेल्या तीन वर्षांत कोणती औषधे किती महिने शिल्लक नव्हती, सफाई कामगारांपैकी किती कायम आणि किती कंत्राटी, कंत्राटदार कोण आणि तो किती वेतन देतो, एवढे विचारावे. आलेली उत्तरे या पानांवर छापता येतील.