अर्धी वाट डांबराची, अर्धी बर्फाची

वैशाखाच्या उन्हात बर्फाची गोष्ट सांगणे हा थोडा वेडेपणाच, आणि त्यातून विषय मोटारींच्या रॅलीचा. रॅली म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे झेंडे, घोषणा आणि कलेक्टर कचेरीचे फाटक येते. आमचे बरेचसे आयुष्य तसल्याच रॅलींत गेले. मोटारवाल्यांची रॅली निराळी. व्याख्यान संपल्यावर काही मंडळींनी आम्हांला विचारलेही, की ज्या जाफराबादेने गारांखेरीज दुसरा बर्फ पाहिला नाही, तिथे हा विषय कशाला? उत्तर पुढे ओघाने येईलच. आधी रॅली म्हणजे काय ते पाहू.

शर्यतीत सगळ्या गाड्या एका ठिकाणाहून एकदम सुटतात आणि जी पुढे राहील ती जिंकते. रॅलीत गाड्या दोन-तीन मिनिटांच्या अंतराने एकेक सोडतात. गाडीत दोन माणसे असतात : एक चालक, आणि शेजारी वही घेऊन बसलेला सहचालक. मार्गाचे काही तुकडे रहदारीला बंद केलेले असतात. त्यांवर जितक्या वेगाने जाता येईल तितक्या वेगाने जायचे. तीन-चार दिवसांत असे पंधरा-वीस तुकडे होतात, त्या सर्वांच्या वेळेची बेरीज होते, आणि जिची बेरीज कमी ती गाडी पहिली. एका तुकड्यावरून दुसऱ्याकडे जाताना मात्र रस्ता सर्वांचा असतो. तिथे हीच गाडी दुधाच्या टेंपोमागून निमूट चालते आणि लाल दिव्याला थांबते. पुढच्या चौकीवर ठरल्या मिनिटाला हजेरी लावावी लागते. उशिराच्या प्रत्येक मिनिटाला दहा सेकंदांचा दंड. आणि लवकर पोचल्यास दर मिनिटाला पुरे एक मिनिट! कारखान्याच्या फाटकावर उशिरासाठी कापलेली मजुरी आम्ही पुष्कळ पाहिली. लवकर आला म्हणून दंड झालेला कामगार मात्र अजून भेटायचा आहे.

वाटेत गाडी मोडली तर त्या दोघांनीच, गाडीत असलेल्या पान्या-जॅकने आणि स्टेपनीने भागवायचे. मिस्त्री लोकांनी गाडीला हात लावण्याची जागा आणि वेळ दोन्ही नेमून दिलेली असतात.

जगातील अशा रॅलींची एक मालिका दरवर्षी होते. ती १९७३ साली सुरू झाली, आणि तिचा नारळ बहुतेक वर्षी जानेवारीत माँटे कार्लोच्या रॅलीने फुटतो. ही रॅली मालिकेहून पुष्कळ जुनी आहे. भूमध्य समुद्राच्या काठी मोनॅको नावाचे एक चिमुकले संस्थान आहे. हिवाळ्यात तिथे श्रीमंत पाहुणे यावेत या हेतूने १९११ साली ही टूम निघाली. युरोपच्या निरनिराळ्या शहरांतून गाड्या निघाल्या आणि मोनॅकोस येऊन मिळाल्या. पहिला नंबर आँरी रूज्ये याचा आला. त्या वेळी नुसता वेग पाहत नसत; गाडी किती डौलदार आहे, आत बसणाऱ्यांची सोय कशी आहे, इतक्या प्रवासानंतर तिची दशा काय झाली आहे, यांनाही गुण असत. एकूण श्रीमंतांचाच खेळ. १९६५ साली मात्र हिमवादळाने या खेळाचा सारा डौल उतरविला. त्या वर्षी २३७ गाड्या निघाल्या आणि वेळेत माँटे कार्लोला पोचल्या अवघ्या ३५!

आपल्या मुलखाला हा प्रकार अगदीच परका नाही. १९६८ च्या २४ नोव्हेंबरला लंडनहून सिडनीला जाण्यासाठी ९८ गाड्या निघाल्या. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून त्या मुंबईस आल्या आणि तिथून ‘चुसान’ नावाच्या आगबोटीत चढून ऑस्ट्रेलियास गेल्या. अँड्र्यू कोवन याची हिलमन हंटर जिंकली. पुढे १९८० साली हिमालयन रॅली सुरू झाली. तिच्या उभारणीत मुंबईचे नाझीर हुसेन पुढे होते. पुण्याचे संजय टकले यांनी तर परदेशांतल्या रॅलींत गाडी चालविली आहे. पण आम्हांला बोलायचे आहे ते एका विशिष्ट गोष्टीविषयी, आणि तिच्यासाठी परत माँटे कार्लोच्याच डोंगरात जावे लागेल.

मोनॅकोच्या पाठीशी फ्रान्समधील आल्प्स पर्वत आहे. रॅलीचे मुख्य तुकडे तिथल्या घाटांत असतात. त्यांत तुरिनी नावाची खिंड प्रसिद्ध आहे; उंची १६०७ मीटर. पायथ्याशी ऊन पडलेले असते, डांबर कोरडे ठणठणीत असते. वर चढावे तसा सावलीच्या बाजूला ओलावा दिसू लागतो. माथ्यावर बर्फ. पलीकडच्या उतारावर, जिथे दिवसभर सूर्य येत नाही, तिथे काल वितळलेले पाणी रात्री गोठून डांबरावर काचेसारखे बसलेले असते. ते दिसत नाही. खालचे डांबर काळे, म्हणून वरचा थरही काळाच दिसतो. पंधरा-वीस किलोमीटरांत चार प्रकारचे रस्ते, आणि टायर मात्र एकाच प्रकारचे घालून जायचे!

येथे खरा पेच आहे. कोरड्या डांबराचा टायर गुळगुळीत व मऊ रबराचा असतो. त्याचा जितका भाग सडकेला चिकटेल तितकी पकड जास्त. बर्फाच्या टायरला खोल खाचा असतात, आणि काचेसारख्या थरासाठी त्यावर धातूचे खिळे बसवितात. गुळगुळीत टायर बर्फावर गेला की गाडी साबणावर ठेवल्यासारखी होते. खिळ्यांचा टायर कोरड्या डांबरावर गेला की खिळ्यांवर तरंगतो, ब्रेक लांबतो आणि खिळे उपटून पडतात. काही चालक तर दोन टायर एका जातीचे आणि दोन दुसऱ्या जातीचे, पुढचा डावा व मागचा उजवा अशा तिरप्या जोडीने लावतात. असली गाडी कोठेच धड चालत नाही. पण कोठे पुरती फसतही नाही.

हिशेब थोडा आकड्यांत मांडू. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर करकचून ब्रेक दाबल्यावर साधारण १२ ते १५ मीटरांत उभी राहते. तीच गाडी गोठलेल्या थरावर सुमारे १०० मीटर जाते. म्हणजे आपल्या बाजाराच्या रस्त्यावर चार दुकानांत थांबणारी गाडी तीस दुकाने ओलांडून जाईल. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. बर्फ अतिशय थंड असताना त्यावर थोडीफार पकड असते. वितळण्याच्या बेतात आला, की तो सर्वांत निसरडा. सगळा रस्ता बर्फाचा असला तर चालक पहिल्यापासून जपून चालतो. घात होतो तो बहुधा सांध्यावर. कोरड्या रस्त्याच्या सवयीने आलेले चाक एका वळणात दुसऱ्याच रस्त्यावर पडते. २००५ साली पेटर सोलबर्ग तुरिनीवर आदळला, तो बर्फ आकाशातून पडलेला नव्हता. मौज पाहायला जमलेल्या लोकांनी फावड्यांनी आणून रस्त्यावर टाकला होता.

या पेचावर रॅलीवाल्यांनी शोधलेला उपाय आम्हांला फार आवडला. रॅलीच्या आधी चालक आणि सहचालक मार्गावरून साध्या वेगाने जाऊन येतात आणि प्रत्येक वळण वहीत टिपून घेतात : किती डावे, किती उजवे, पुढे किती मीटर सरळ. पण ही टिपणे आधीच्या दिवसांची. आज पहाटे तिथे काय आहे? ते पाहायला प्रत्येक मोठ्या चमूची एक वेगळी गाडी असते. स्पर्धक येण्याच्या दीड-दोन तास आधी, बहुधा अंधारातच, ती त्या तुकड्यावरून जाते. तीत जुने, अनुभवी रॅलीचालक असतात. कोणत्या वळणाच्या आतल्या अंगाला गोठलेले आहे, कोठे नुसती ओल आहे, कोठे बर्फ सुरू होतो आणि कोठे संपतो, सडक किती थंड आहे, हे सगळे ते खुणा करून कळवितात. सहचालक रंगीत पेनाने आपल्या वहीत भर घालतो, आणि तो कागद पाहून टायर ठरतात. अर्थात दोन तासांत रस्ता बदलतो. म्हणून ही मंडळी नुसते ‘बर्फ आहे’ एवढे लिहून थांबत नाहीत. आपण किती वाजता पाहिले, आणि स्पर्धक येईपर्यंत ऊन त्या वळणावर पोचेल की नाही, याचाही अंदाज ती बांधतात.

सेबास्तियँ ओज्ये हा फ्रेंच चालक त्याच डोंगरातील गाप गावी जन्मला. २०२५ साली त्याने ही रॅली दहाव्यांदा जिंकली. ज्या घाटांत तो लहानाचा मोठा झाला, तिथेही पुढे गेलेल्या माणसाचा निरोप आल्याशिवाय तो निघत नाही. २०२२ साली सेबास्तियँ लोब सत्तेचाळीसाव्या वर्षी जिंकला, तेव्हा त्याच्या शेजारी वही धरून बसलेल्या इझाबेल गालमिश या शाळेत गणित शिकविणाऱ्या बाई होत्या. वर्तमानपत्रांत पाने भरून येते ते चालकाचे नाव. पहाटे अंधारात पुढे गेलेल्यांचे नाव आम्ही तरी मथळ्यात पाहिले नाही.

आता जाफराबादेकडे येऊ. खेळणा आणि पूर्णा यांच्या काठची आपली जमीन काळी, भारी. पाणी लागले की ती फुगते आणि चिकटते. सोयाबीन निघते त्या दिवसांत परतीचा पाऊस येतो. ट्रॅक्टर वावरातून सडकेवर चढतो, त्याच्या मागच्या चाकांच्या दात्यांत अडकलेला गारा शंभर-दोनशे पावले डांबरावर गळत जातो. येणारी-जाणारी चाके तो चेपून त्याचा पातळ लेप करतात. वाळला की नुसती धूळ. जोराचा पाऊस आला तर धुऊन जातो. पण पहाटेचे दव पडले किंवा चार थेंब भुरभुरले, की त्या लेपाचा साबण होतो. वितळू लागलेल्या बर्फासारखेच हे. थोडे पाणी पुष्कळ पाण्यापेक्षा वाईट. चिखली, भोकरदन, देऊळगाव राजा, टेंभुर्णी, कोणत्याही वाटेला जा, तेच. रॅलीतही हे घडते. पुढची गाडी वळण आतून कापते, कडेची माती सडकेवर ओढते, आणि मागच्याचे चाक सरकते. तिथे मागच्याला निदान ते अपेक्षित असते.

काही वर्षांपूर्वी एका मालवाहू गाडीच्या चालकाची चौकशी झाली. आम्ही त्याच्या बाजूने बसलो होतो. गावाचे आणि मालकाचे नाव इथे नको. पहाटे साडेपाचच्या सुमारास वळणावर गाडी घसरून खड्ड्यात गेली आणि वर बसलेल्या हमालाचा हात मोडला. पंचनामा झाला दुपारी बाराला. त्यात लिहिले : रस्ता डांबरी, कोरडा, सुस्थितीत. चूक काहीच नव्हती. बारा वाजता रस्ता खरोखर कोरडाच होता. साडेपाचला तो कसा होता हे विचारायचे कोणाच्याही मनात आले नाही. चालक सांगत होता की गारा होता. त्याला विचारीत होते की वेग किती होता. आमच्याजवळ दाखवायला काही नव्हते. आम्ही हरलो. त्याची नोकरी गेली, आणि गाडी वेगाने हाकणारा म्हणून नाव झाले ते वेगळेच. वास्तविक त्या वाटेने तो अकरा वर्षे गाडी नेत होता.

माँटे कार्लोच्या त्या पहाटेच्या गाडीविषयी आम्ही पुढे एका जुन्या मोटार-मासिकात वाचले, आणि वाचता वाचता तो पंचनामा आठवला. बर्फ कोठे आहे याबरोबर तो किती वाजता पाहिला हे लिहिण्याची रीत तिथे होती, म्हणून नऊ वाजताच्या उन्हाने सहा वाजताचा बर्फ खोटा ठरत नव्हता. त्यानंतर आमच्या चालकमंडळींना आम्ही एकच गोष्ट धरून सांगू लागलो : अपघात असो की नुसती घसरण असो, पहिल्या पाच मिनिटांत सडकेचा फोटो काढा. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे आणि फोटोवर वेळ आपोआप येते. दोन चौकशांत ते कामी आले, एकात आले नाही. शेतकऱ्याने सडकेवर चढण्याआधी फावड्याने चाके खरवडावीत असेही आम्ही बोलून पाहिले. काही खरवडतात. संध्याकाळी पाऊस येऊ लागला आणि वावरात माल पडलेला असला, तर कोणीच खरवडत नाही, आणि त्यांना बोल लावायला आमची जीभ वळत नाही.

बाकी, पहाटेची गाडी आपल्याकडे अगदीच नाही असे नाही. समोरून येणारा चालक दिवे उघडझाप करतो, एवढी खूण सर्वांना ठाऊक आहे. पण पुढे गारा आहे, जनावर आहे की तपासणी, ते तीतून कळत नाही. स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर याहून चांगले चालते. गेल्या दिवाळीच्या आधी आम्ही तिथे बसलो होतो. चिखलीकडून एक टेंपोवाला आला. चहा सांगण्याआधीच तो निघायच्या बेतात असलेल्या दुसऱ्याला म्हणाला, “भाऊ, नाल्याच्या पुलाच्या पलीकडं गारा हाय, शंभर पावलं. डाव्या अंगाला जास्त. आत्ता पावणेसहाला पाहिला. दुसऱ्यात उतर.” दुसऱ्याने मान हलविली, बिडी विझविली आणि गाडीच्या पुढच्या टायरांकडे एकदा वाकून पाहिले.