खाच कोणत्या दिशेने कापावी?

आमच्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत एक जुना संगणक आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या पेटीचा पंखा बंद पडला. पंखा नसला की आतली गरम हवा बाहेर पडत नाही, प्रोसेसर तापतो आणि तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की संगणक स्वतःला वाचविण्यासाठी आपोआप बंद होतो. ऐन प्रात्यक्षिकात, मुलांनी घेतलेली निरीक्षणे साठवून ठेवण्याआधीच तो दोनदा बंद पडला! जवळच्या दुकानात हव्या त्या मापाचा पंखा मिळेना. तेव्हा निरनिराळ्या मापांचे पंखे बसतील असा एकच पत्रा आपणच तयार करावा, असे आम्ही ठरविले.

अशा पंख्याची चौकट चौरस असते आणि तिच्या चार कोपऱ्यांत बोल्टसाठी चार भोके असतात. 80 मि.मी.च्या पंख्यात शेजारशेजारच्या दोन भोकांमधील अंतर 71.5 मि.मी. असते, 120च्या पंख्यात 105 मि.मी. आणि 140च्या पंख्यात 124.5 मि.मी. तीन पंख्यांसाठी बारा भोके पाडता येतील. पण उद्या 92 मि.मी.चा पंखा हाती आला तर पुन्हा ड्रिल घ्यावे लागेल. त्यापेक्षा गोल भोकाऐवजी लांबट भोक, म्हणजेच खाच, ठेवणे बरे. बोल्ट तिच्यात हवा तेथे सरकवावा आणि आवळावा.

पण ही खाच कोणत्या दिशेने कापावी? एका विद्यार्थ्याने दोन आडव्या, समांतर खाचा सुचविल्या. त्यात दोन अडचणी आहेत. पहिली अशी की, पंख्याचे माप बदलले की भोकांमधील उभे अंतरही बदलते. म्हणून प्रत्येक मापासाठी खाचांची वेगळी जोडी लागेल. दुसरी अडचण अधिक महत्त्वाची आहे. सपाट पत्र्यावर ठेवलेली वस्तू तीनच प्रकारे हलू शकते : आडवी सरकते, वरखाली सरकते किंवा जागच्या जागी फिरते. समांतर खाचा यांपैकी शेवटच्या दोन हालचाली रोखतात. आडवे सरकणे मात्र मोकळेच राहते. ते रोखण्याचे काम एकट्या घर्षणावर पडते. पंखा सतत थरथरत असतो. त्या थरथरीने बोल्ट ढिले झाले की घर्षण कमी होते आणि पंखा सरकू लागतो.

आता चौरसाचे कर्ण आठवा. पंखा कोणत्याही मापाचा असो, त्याची चारही भोके कर्णांवरच असतात. चौरसाच्या मध्यापासून भोकापर्यंतचे अंतर पायथागोरसच्या सिद्धांताने काढा. ते 80च्या पंख्यासाठी 50.6, 120साठी 74.2 आणि 140साठी 88.0 मि.मी. येते. म्हणजे मध्यापासून बाहेर जाणाऱ्या चार तिरप्या खाचा सर्व मापांना चालतील.

याहून मौजेची गोष्ट पुढेच आहे. पंखा उजवीकडे ढकलून पाहा. त्यासाठी चारही बोल्ट उजवीकडे सरकावे लागतील, पण खाचा तर तिरप्या आहेत. बोल्ट खाचेच्या कडेला अडतो. वर ढकलले तरी तेच आणि फिरविले तरी तेच. खाचेत बोल्टभोवती जेवढी फट असेल तेवढाच पंखा हलेल. माप बदलण्याची मोकळीक आहे, जागा बदलण्याची नाही; आणि मध्य आपोआप जुळतो. लेथवरच्या तीन जबड्यांच्या चकमध्ये हीच युक्ती असते. जबडे त्रिज्येच्या दिशेने एकदम सरकतात, म्हणून दांडा बारीक असो वा जाड, तो मध्यभागीच धरला जातो.

मग बोल्ट आवळायचे कशासाठी? पंखा पत्र्याला घट्ट चिकटून राहावा म्हणून. बोल्टखाली रुंद वॉशर अवश्य घाला, म्हणजे डोके खाचेत रुतणार नाही व दाब अधिक क्षेत्रावर वाटला जाईल.

येथे माझी एक चूक सांगतो. उत्साहाच्या भरात मी खाचा 50 मि.मी.पासून आखल्या आणि हवेसाठी मध्यभागी 58 मि.मी. त्रिज्येचे गोल भोक कापले. खाचांची आतली टोके त्या भोकातच नाहीशी झाली! 80च्या पंख्याचे बोल्ट आवळायला पत्राच उरला नाही. भोक लहान ठेवले असते, तर मोठ्या पंख्याची हवा अडली असती. शेवटी आम्ही 120 आणि 140 या दोनच मापांवर समाधान मानले. सर्वांना चालणारी वस्तू करताना कोणाला तरी वगळावे लागते. कोणाला ते कापण्यापूर्वी कागदावर ठरवावे, हा धडा मी त्या दिवशी शिकलो. पत्रा मात्र संगणकापासून दूर नेऊन कापला, कारण धातूचा कीस आत पडला तर शॉर्टसर्किट होते.

तुम्हीही करून पाहा. जाड पुठ्ठ्यावर फुलीच्या आकारात चार खाचा कापा. मध्यभागी त्या एकमेकींना मिळू देऊ नका. दुसऱ्या लहान चौरस पुठ्ठ्याच्या कोपऱ्यांत चार टाचण्या टोचून त्या खाचांत घाला आणि चौरस हलवून पाहा. मग समोरासमोरच्या कोपऱ्यांतील दोनच टाचण्या ठेवा. आता तीनपैकी कोणती हालचाल मोकळी झाली? आणि ती रोखायला आणखी किती टाचण्या पुरतील?