एका बाहीचा स्वेटर

जावयाचा स्वेटर मी आटवला, तिथून हे सगळं सुरू झालं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये लेकीच्या बाळंतपणासाठी मी स्वीडनला, उप्साला गावी गेले होते. अडीच महिन्यांचा मुक्काम. वाईची थंडी मला कधी वाजली नाही, पण तिथला डिसेंबर म्हणजे थंडीपेक्षा अंधाराचाच. सकाळी पावणेनऊ होऊन गेल्यावर उजाडायचं आणि दुपारी पावणेतीनला पुन्हा दिवेलागण! लेक बाळात गुंतलेली, जावई कामावर, आणि मी खिडकीशी बसून त्या काळोखाकडे बघत मेथीचे लाडू वळत असायचे. शिवाय कितीही म्हटलं तरी जावयाचं घर. तिथे आपला हात जरा जपूनच चालतो, नाही का?

तर एक दिवस म्हटलं, निदान कपडे तरी धुऊन टाकावेत. त्या इमारतीत सगळ्यांचं मिळून तळघरात एक धुलाईघर होतं. आपली वेळ आधी नोंदवायची आणि तेवढ्या वेळात धुऊन घ्यायचं. मी बाळाची दुपटी, चादरी सगळं एकदम मशीनमध्ये कोंबलं आणि बटण फिरवलं साठ अंशांवर. दुपट्यांना कडक पाणी बरं, नाही का? त्या ढिगात जावईबापूंचा राखाडी स्वेटर होता, हे मला दार उघडल्यावर कळलं. हातात आला तो चार-पाच वर्षांच्या पोराला होईल एवढा, आणि जाड कसा, तर आपल्या बुरणुसासारखा!

मला अक्षरशः घाम फुटला. स्वेटर पदराखाली लपवून निघणार, तेवढ्यात दारात शेजारच्या आजी. वय अठ्ठ्याहत्तर, ताठ चालायच्या, मनातल्या मनात मी त्यांना 'माई' म्हणायचे. त्यांनी माझा चेहरा पाहिला, पदरातून बाहेर आलेली बाही पाहिली आणि खो खो हसायलाच लागल्या. मग स्वेटर हातात घेऊन दोन्हीकडून ओढून पाहिला आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, ''छान झालाय. मी मुद्दाम करते, तुझा आपोआप झाला!''

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला घरी बोलावलं. त्यांच्या खिडकीत ओळीने सात-आठ बुटके म्हातारे उभे. डोक्यावर उंच टोकदार टोपी, टोपीखालून डोकावणारं गोल नाक, नाकाखाली थेट पायांपर्यंत दाढी. डोळे नाहीतच. हा त्यांचा 'टोम्टे'. टोम्ट म्हणजे घराभोवतीची जागा; त्या जागेचा राखणदार तो टोम्टे. तो गोठ्यात नाहीतर माळ्यावर राहतो, रात्री गुराढोरांवर लक्ष ठेवतो, आणि घरातल्यांनी आळस केला, जनावरांना त्रास दिला की चिडतो. माझं माहेर सावंतवाडीकडचं. मला लगेच आमचा देवचार आठवला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, रात्री गावाच्या वेशीत फिरणारा. त्याला आपण रोट ठेवतो, आणि हे लोक ख्रिसमसच्या आदल्या रात्री टोम्ट्याला दुधात शिजवलेल्या भाताची वाटी ठेवतात, वर लोण्याचा गोळा.

त्या लोण्याची एक गोष्ट माईंनी सांगितली. एका घरातल्या मोलकरणीने टोम्ट्याची गंमत करायची म्हणून लोणी वर न ठेवता तळाशी दडवलं. वाटीत वर लोणी दिसेना, तसा टोम्टे संतापला आणि गोठ्यातली गाय मारून आला. मग भूक लागली म्हणून भात खायला बसला, तर तळाशी लोणी! बिचारा इतका ओशाळला की रातोरात शेजारच्या गावाहून अगदी तशीच गाय आणून त्याने गोठ्यात बांधली. मी म्हटलं, आमच्या सत्यनारायणाच्या कथेत प्रसाद न घेता गेलं की नाव बुडते! माईंना तीही गोष्ट सांगावी लागली. दोघींचं इंग्रजी बेताचंच, पण साधुवाण्याची नाव मी हातवारे करून बुडवून दाखवली.

पूर्वी या टोम्ट्याचं रूप ज्याच्या त्याच्या मनातलं होतं. ते डोळ्यांसमोर आणलं एका बाईने. १८८१ मध्ये येनी न्युस्त्रोम या चित्रकर्तीने एका नियतकालिकासाठी टोम्ट्याची चित्रं काढली, पुढे ख्रिसमसच्या कार्डांवर तो घरोघरी पोचला आणि त्याची लाल टोपी पक्की झाली. खिडकीतले हे बिनडोळ्यांचे म्हातारे मात्र अलीकडच्या हस्तकलेतले. ''डोळे का नाहीत?'' मी विचारलं, तर माई म्हणाल्या, ''माझ्या घरातला पसारा त्याला दिसू नये म्हणून.''

आता कृतीकडे येते, कारण विणकाम येणाऱ्या मैत्रिणींचे हात इथपर्यंत शिवशिवायला लागले असतील. पहिली गोष्ट, लोकर खरी हवी. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर माशासारखे बारीक खवले असतात. गरम पाण्यात आणि साबणात ते उघडतात, त्यात घुसळणं झालं की एकमेकांत अडकतात, आणि एकदा अडकले की सुटत नाहीत. आपले पिंजारी लोकर तुडवून तुडवून बुरणूस करायचे, तेच हे. असा आटलेला स्वेटर कात्रीने कुठेही कापा, टाका सुटत नाही, काठ दुमडायला नको. ॲक्रिलिकचा स्वेटर उकळला तरी आटायचा नाही. आणि खरी लोकर असूनही ज्यावर 'मशीनमध्ये धुवा' लिहिलेलं असतं, तिचे खवले बहुधा आधीच मारलेले असतात. तीही जमत नाही.

टोपीसाठी स्वेटरच्या खालच्या बॉर्डरवर पाया धरून उंच त्रिकोण कापायचा. बॉर्डर टोपीच्या कडेला येते, म्हणजे आयती सुबक कड मिळते. त्रिकोणाच्या दोन बाजू उलट्या बाजूने जोडून शिवल्या आणि सुलट केलं की झाली टोपी. अंगासाठी बाहीचा वीतभर तुकडा, खालचं तोंड धावदोरा घालून आवळलेलं. आत तळाला दोन मुठी तांदूळ, म्हणजे म्हातारा पडत नाही, आणि वर कापूस. नाकाला लाकडी मणी नाहीतर त्याच कापडाची कापूस भरलेली गोळी. दाढीला जुन्या कोटाची फरची कॉलर चालते, पण ती कात्रीने कापायची नाही. मागच्या बाजूने ब्लेडने नुसतं कापड चिरायचं, म्हणजे केस तुटत नाहीत. दाढी आधी, नाक तिच्यावर आणि टोपी सर्वांत शेवटी, नाकापर्यंत ओढून. टाके घालायला कंटाळू नका. चिकटवलेली दाढी पोरांच्या हातात येते.

जुने स्वेटर आणायला माई मला एका दुकानात घेऊन गेल्या. लोकांनी दिलेले वापरलेले कपडे तिथे विकायला असतात आणि आलेला पैसा गरजूंसाठी जातो. चांगले चांगले लोक तिथे खरेदी करत होते. मी मात्र दारातच घुटमळले. आपल्याकडे बोहारणीला जुने कपडे द्यायची पद्धत. दुसऱ्याचे कपडे विकत आणायची नाही. एक सुंदर निळा स्वेटर हातात घेतला आणि मनात पाल चुकचुकली. मी माईंना हळूच विचारलं, ''हा गेलेल्या माणसाचा तर नसेल?''

''असेलही,'' त्या म्हणाल्या. ''त्याला आता लागत नाही ना?''

घरी परत आल्यावर त्यांनी खिडकीतला एक राखाडी टोम्टे माझ्या हातात ठेवला. तो त्यांच्या यजमानांच्या स्वेटरचा होता. ते गेल्यावर त्यांनी तो स्वेटर गरम पाण्यात घातला, कापला आणि तीन मुलांना तीन टोम्टे करून दिले. हा चौथा स्वतःला. मला खरंच राग आला. नवऱ्याच्या स्वेटरला कात्री? आणि तो असा खेळण्यासारखा खिडकीत मांडायचा? मी काही बोलले नाही, पण कॉफी अर्धी टाकून उठले.

राग त्यांचा नव्हता, हे मला रात्री कळलं. आमचे हे २०१९ मध्ये गेले. त्यांचे सगळे कपडे मी देऊन टाकले, रीतीप्रमाणे. एक तपकिरी स्वेटर तेवढा ट्रंकेच्या तळाशी राहिला. १९८८ च्या थंडीत मी तो विणला होता, पहिली मुलगी पोटात असताना. हे एसटीत कंडक्टर. महाबळेश्वरची मुक्कामी गाडी असली की खाकीच्या आत तो घालायचे आणि भेटेल त्याला सांगायचे, ''शुद्ध लोकर आहे! आमच्या मंडळींनी विणलाय.'' डाव्या बाहीला गाडीच्या दाराची कडी लागून भोक पडलं होतं, ते मी रफू केलं होतं. हा स्वेटर बोहारीण घेत नव्हती असं मी सगळ्यांना सांगायचे. खरं म्हणजे मी तिला तो कधी दाखवलाच नव्हता.

जावईबापूंच्या स्वेटरचा मी टोम्टे केला आणि नाताळच्या सकाळी गुपचूप त्यांच्या टेबलावर ठेवला. ते बराच वेळ त्याची टोपी निरखत राहिले. मग म्हणाले, ''आई, हा माझ्या ओळखीचा वाटतो.'' मी जीव मुठीत धरून कबुली दिली. तर म्हणे, ''मला माहीत होतं. तुम्ही धुलाईघरातून आलात तेव्हा बाही दिसत होती. तो स्वेटर मला टोचायचा हो!'' तीन आठवडे मी त्या माणसाची नजर चुकवत फिरत होते!

मी तिथे असतानाच, १ जानेवारी २०२५ पासून, युरोपीय संघाच्या नियमानुसार जुनं कापड कचऱ्यातून वेगळं गोळा करणं सुरू झालं. लोक पिशव्या घेऊन खोक्यांपुढे उभे. (पुढे ऑक्टोबरमध्ये स्वीडनने अगदी फाटक्या-मळक्या कपड्यांना सूट दिली.) तिकडचे असे कितीतरी जुने स्वेटर आपल्या पानिपतला येतात, तिथे ते फाडून, पिंजून त्यांचं पुन्हा सूत होतं आणि त्यातून स्वस्त ब्लँकेटं निघतात. आपल्या बाजारातल्या एखाद्या ब्लँकेटात कोणा स्वीडिश आजोबांचा स्वेटर असायचा!

वाईला परतल्यावर मी दोन-चार टोम्टे केले. इथल्यासाठी एक सुधारणा सांगते. तांदूळ घालू नका. पावसाळ्यात माझ्या पहिल्या म्हाताऱ्याच्या पोटातून टोके चालत बाहेर आले! धुऊन कडक वाळवलेली वाळू पुरचुंडीत शिवून घातली की काम होतं. दाढीला मेंढीची पांढरी लोकर उत्तम. ती धनगरांकडे मिळते, फक्त दोन-तीनदा धुऊन घ्यावी लागते, वास जाईपर्यंत.

आणि गेल्या डिसेंबरात, २०२५ मध्ये, मी ट्रंक उघडली.

कात्री लावण्याआधी लोकरीची परीक्षा करतात. एक धागा काढून ज्योतीत धरायचा. खरी लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि बोटांत चुरडणारी राख उरते. आत शिवणीच्या बाजूला एक शेपूट मी विणताना सोडलेलं होतं, ते कापलं आणि देवघरातल्या निरांजनावर नको म्हणून गॅसवर चिमट्यात धरलं. धागा वितळला. काळा, टणक मणी झाला आणि प्लास्टिकचा उग्र वास सुटला.

ॲक्रिलिक! ज्या दुकानदाराने 'शुद्ध लोकर' म्हणून दुप्पट भाव लावला होता, तो आता हयातही नसेल. एकतीस वर्षं हे त्या स्वेटरची वाहवा करत मुक्कामी गाडीत कुडकुडले असणार, आणि एका शब्दाने बोलले नाहीत. मी ओट्याशी उभी राहून आधी हसले. मग बराच वेळ गॅस बंद करायचंही सुचलं नाही.

आटणार नाही म्हटल्यावर रीत बदलावी लागली. कापायच्या रेघेच्या दोन्ही अंगांना मशीनवर नागमोडी टिपेच्या दोन-दोन ओळी घातल्या, मग मधून कात्री. असं केलं की ॲक्रिलिकचेही टाके सुटत नाहीत. डावी बाही घेतली. रफू बरोबर टोपीच्या समोर, नाकाच्या वर आलं. मुद्दाम तसंच येऊ दिलं. फोटो काढून उप्सालाला पाठवला, आणि लेकीला म्हटलं, माईंनाही दाखव. त्यांचं उत्तर आलं, नुसतं बोटांनी केलेलं हृदय आणि खाली एक प्रश्न: लोकर कुठली?

तो टोम्टे मी माझ्या धाकट्या नणंदेला दिला. ह्यांच्यामागे तिचं माहेर म्हणजे मीच. तिने तो घेतला, उलटासुलटा केला आणि काही न बोलता पिशवीत ठेवला. मला वाटलं, तिलाही राग आला असणार, मला आला होता तसा. आठ दिवस फोन नाही. नवव्या दिवशी रात्री आला.

''वहिनी,'' ती म्हणाली, ''दुसरी बाही आहे ना गं अजून?''